डिजिटल पियानोचं पेडल घेताय? आधी पियानोच्या मागे वाकून बघा, मग या चुका टळतील

तीन पेडलचं युनिट दिसायला एकदम भारी, खऱ्या पियानोसारखं, आणि तिथंच मी फसलो. मुलीची ग्रेडची परीक्षा जवळ आली म्हणून वाशीच्या एका दुकानातून उचललं, ट्रान्स-हार्बर लोकलच्या गर्दीत ते धूड सांभाळत ठाण्याला आणलं, आणि रात्री पियानो भिंतीपासून ओढून बघतो तर मागे ते लावायला जागाच नाही! दुकानदार म्हणाला होता, "सगळ्याला चालतं साहेब." नाही चालत.

तीन पेडलच्या युनिटची पिन वेगळी असते, कंपनीप्रमाणे आणि मॉडेलप्रमाणे. यामाहा पी-४५ किंवा रोलँड एफपी-१० ला मागे फक्त एका पेडलचा जाड जॅक (पिन घालायचं भोक) आहे, हेडफोनच्या जुन्या मोठ्या पिनसाठी असतो तसा, ६.३५ मिमीचा. तीन पेडल हवीच असतील तर रोलँडच्याच एफपी-३०एक्सला केपीडी-७० हे तीन पेडलचं युनिट लागतं, पण ते केएससी-७० स्टँडवरच बसतं, म्हणजे स्टँडचा खर्च वेगळा. कॅसिओ पीएक्स-एस११०० ला एसपी-३४ हे तीन पेडलचं युनिट चालतं, ते जमिनीवर नुसतं ठेवलं तरी होतं.

आणि खरं सांगू का, शिकणाऱ्याचा पाय नव्वद टक्के वेळ उजव्या, म्हणजे सूर लांबवणाऱ्या सस्टेन पेडलवरच असतो. त्यामुळे पैसे घालायचेच तर हाफ पेडल देणाऱ्या चांगल्या एका पेडलवर घाला. अर्धवट दाबलं की सूर अर्धवट लांबतो, ते स्वस्तातल्या चपट्या पेडलला जमत नाही, ते फक्त चालू नाहीतर बंद. पी-४५ सोबत यामाहाचं एफसी३ए पेडल घेतलं तर हाफ पेडल मिळतं. रोलँडच्या डीपी-१० पेडलला मागे एक छोटा स्विच असतो, तो 'स्विच' मोडवर (नुसतं चालू-बंद) राहिला की हाफ पेडल गायब, आणि आपण मात्र पियानोला शिव्या देत बसतो. एक्स्टेंशन केबल जोडणार असाल तर पिनवर दोन काळ्या रिंगा असलेली स्टिरिओच घ्या, मोनो केबलने हाफ पेडल जातं.

पेडल उलटं चालतंय, म्हणजे पाय काढला की सूर लांबतोय? घाबरू नका, बऱ्याचदा पियानो चालू करताना पाय पेडलवर असतो एवढंच कारण. बंद करा, पेडल लावा, पाय बाजूला घ्या, मग चालू करा. तरीही उलटं असेल तर दुसऱ्या कंपनीचं पेडल आहे, त्याच्या खाली किंवा बाजूला पोलॅरिटीचा (उलट-सुलट करायचा) स्विच असला तर तो फिरवा, नसला तर बदलून घ्या. आणि व्हॉल्यूम पेडल सस्टेनच्या जॅकमध्ये घालून बघू नका, ते आवाज कमी-जास्त करायला असतं, काम वेगळं.

टाइल्सवर पेडल सरकतं ही मात्र सगळ्यांची रड. आमच्याकडे जुन्या योगा मॅटचा तुकडा कापून खाली टाकलाय, सुरुवातीला पोरगी हसली, आता तीच केर काढताना तो परत जागेवर ठेवते.