मुंबईच्या हिवाळ्यात घरातली नाजूक झाडं कशी जपायची

डिसेंबर लागला की कॅलेथियाच्या पानांच्या कडा करपतात, फिटोनिया मान टाकते आणि सगळे म्हणतात थंडी बाधली. अहो मुंबईत कसली आलीय थंडी, सांताक्रूझला पारा 7.4 पर्यंत उतरला होता तो 1962 च्या जानेवारीत, एरवी रात्री 15-17 असतं, कुलाब्याला तर त्याहून जास्तच, तेवढं ही झाडं सोसतात. त्यांना खरा त्रास कोरड्या हवेचा. जमिनीकडचं सुकं वारं सुटतं आणि त्यात बांधकामांची धूळ.

आधी खिडकी बघा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कलतो, त्यामुळे जूनमध्ये सावलीत असलेल्या दक्षिणेच्या खिडकीतून आता भर दुपारी थेट ऊन आत येतं. कॅलेथिया, फिटोनिया तिथून दोन-तीन फूट आत घ्या किंवा पातळ पांढरा पडदा लावा. पंख्याच्या आणि एसीच्या झोतात तर अजिबात नको.

पाणी रोज नका घालू प्लीज. नर्सरीतली बरीच झाडं कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) असतात, ते वरून सुकं दिसतं पण आत ओलं राहतं आणि मुळं तिथेच कुजतात, म्हणून बोट दोन पेरं आत घालून बघायचं, कोरडं लागलं तरच सकाळी पाणी, आणि ताटलीत साचलेलं ओतून टाकायचं. पानांवर स्प्रे मारून ओलावा जेमतेम काही मिनिटं टिकतो, त्यापेक्षा कुंड्या एकमेकींना खेटून ठेवा, किंवा खिडकी असलेलं बाथरूम असेल तर फर्न आणि फिटोनियासाठी त्याहून चांगली जागा नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, लाल कोळी, म्हणजे पानांचा रस शोषणारी बारीकशी कीड. कोरड्या हवेत तो झपाट्याने वाढतो. पान उलटं करून मोबाइलच्या टॉर्चने बघा, बारीक ठिपके किंवा जाळी दिसली की ते झाड लगेच बाकीच्यांपासून लांब ठेवा, पानांची खालची बाजू पाण्याच्या धारेने नीट धुवा, मग लिटरभर पाण्यात 5 मिली कडुलिंबाचं तेल आणि दोन-चार थेंब लिक्विड सोप घालून संध्याकाळी फवारा, दर आठवड्याला, निदान तीन वेळा. एकदाच मारून सोडलं तर अंड्यांतून नवीन निघतात. धुळीसाठी मात्र नुसतं ओलं फडकं पुरे.

खत आणि कुंडी बदलणं फेब्रुवारीच्या शेवटापर्यंत थांबवा. आणि अलोकेशियाची सगळी पानं गळली तरी कुंडी फेकू नका हं! मातीतला कंद दाबून बघा, टणक असेल तर तो जिवंत आहे, माती जवळपास कोरडी ठेवा, ऊब वाढली की मार्चच्या सुमारास कोंब येतो.