ह्यूगेनॉट पूर्वज शोधताय? या चुका टाळा

ऑक्टोबर १६८५ मध्ये फ्रान्सचा राजा चौदावा लुई याने प्रॉटेस्टंटांना धर्मपालनाची मुभा देणारा नँटचा जाहीरनामा रद्द केला आणि फ्रान्समधल्या प्रॉटेस्टंटांना, म्हणजेच ह्यूगेनॉटांना, आपला धर्म उघडपणे पाळणं अशक्य झालं. देश सोडलेल्यांपैकी काही कुटुंबं अमेरिकेतल्या इंग्लिश वसाहतींत स्थिरावली. अशा पूर्वजाचा शोध बहुतेक वेळा एकाच कारणाने अडतो: लोक थेट फ्रान्सपासून सुरुवात करतात. खरं तर फ्रान्स सगळ्यात शेवटी यायला हवं.

गावाचं नाव माहीत नसताना फ्रान्समध्ये शोधणं

फ्रान्समधल्या जुन्या नोंदवह्या गावानुसार, चर्चनुसार आहेत. गाव कळल्याशिवाय नुसत्या आडनावावर शोधलं, तर तेच नाव दहा ठिकाणी सापडतं आणि त्यातलं सोयीचं नाव उचलण्याचा मोह होतो. आधी अमेरिकेतलं मृत्युपत्र, मग जमिनीचं खरेदीखत, मग चर्चची नोंद, मग नागरिकत्वाचा कागद, अशा क्रमाने एकेक पिढी मागे जा.

त्यानंतरही फ्रान्स नाही. मधला मुक्काम शोधा. बहुतेक कुटुंबं थेट आली नाहीत; लंडन, नेदरलँड, जर्मन प्रदेश किंवा स्वित्झर्लंड इथे काही महिने, कधी अनेक वर्षं राहून मग जहाजावर चढली. मूळ गावाचा पत्ता अनेकदा तिथल्याच कागदांत मिळतो. लंडनच्या थ्रेडनीडल स्ट्रीटवरच्या फ्रेंच चर्चच्या नोंदी छापील स्वरूपात उपलब्ध आहेत. त्यात फक्त बाप्तिस्मे आणि लग्नं पाहून थांबू नका. ‘तेम्वान्याज’ म्हणजे आधीच्या चर्चने दिलेलं दाखलापत्र, आणि ‘रकोनेसांस’ म्हणजे फ्रान्समध्ये दबावाखाली कॅथलिक झालेल्याने मंडळीसमोर दिलेली चुकीची कबुली. या दोन्हींत माणूस कुठून आला ते बऱ्याचदा लिहिलेलं असतं. नेदरलँडसाठी तिथल्या फ्रेंचभाषक, म्हणजे वालून चर्चच्या नोंदींची प्रचंड कार्डसूची आहे. कार्डं आडनावानुसार लावलेली आहेत, म्हणून नावाची सगळी रूपं तपासा.

आगमनाची जहाजयादी हुडकण्यात महिने घालवू नका. अमेरिकेत प्रवाशांच्या याद्या नियमितपणे ठेवायला १८२० पासून सुरुवात झाली. १७०० मध्ये ‘मेरी अँड अ‍ॅन’ आणि त्यामागून आलेल्या जहाजांनी व्हर्जिनियातल्या मॅनाकिनटाउनला जे निर्वासित आणले, त्यांच्या याद्या उरल्या आहेत. पण तो अपवाद. आणखी एक: नागरिकत्वाच्या कागदावरची तारीख ही येण्याची तारीख नव्हे. माणूस त्याआधी कित्येक वर्षं तिथे राहत असू शकतो.

सगळ्यांना १६८५ च्या साच्यात बसवणं

न्यूयॉर्कमधल्या न्यू पॉल्ट्झचं उदाहरण घ्या. तिथल्या १२ जणांना जमिनीची सनद १६७७ मध्ये मिळाली, म्हणजे जाहीरनामा रद्द होण्याच्या ८ वर्षं आधी. त्यांतला लुई द्युब्वा लील शहराजवळचा. तो भाग तेव्हा स्पेनच्या ताब्यातल्या नेदरलँडमध्ये होता. मग तो मानहाइमला राहिला आणि तिथून अमेरिकेत आला. त्याच्या कुटुंबाच्या नोंदी १६८५ नंतरच्या निर्वासितांत शोधल्या तर हाती काहीच लागणार नाही. जर्मनीत मानहाइम आणि अमेरिकेत किंग्स्टनच्या डच चर्चची वही बघावी लागेल.

उलट बाजूनेही चूक होते. १६८५ नंतर फ्रान्समध्ये जन्मलेल्या मुलाची नोंद प्रॉटेस्टंट वहीत सापडत नाही म्हणून लोक हात टेकतात. प्रॉटेस्टंट पाळकांना देशाबाहेर घालवलं होतं आणि मुलांचा बाप्तिस्मा कॅथलिक चर्चमध्येच करण्याची सक्ती होती. तेव्हा १६९० किंवा १७०० चा जन्म असेल, तर गावातल्या कॅथलिक वह्या चाळा. पॅरिसकरांची अडचण वेगळी: शहरातले प्रॉटेस्टंट जवळच्या शारांतों गावी उपासनेला जात आणि तिथल्या नोंदवह्या १८७१ च्या आगीत गेल्या. तिथे नोटरीच्या दफ्तरातले लग्नाचे करार आणि वाटणीपत्रंच कामी येतात.

फ्रेंच आडनाव म्हणजे ह्यूगेनॉट, हे गृहीत धरणं

१७५५ पासून अकेडियातून (आजच्या कॅनडातला पूर्वेकडचा प्रदेश) हाकलून वसाहतींत आणलेले लोक फ्रेंच होते, पण कॅथलिक. मॅसॅच्युसेट्समधल्या सेलममध्ये जर्सी बेटावरून, म्हणजे इंग्लंडच्या राजाच्या ताब्यातल्या फ्रेंचभाषक बेटावरून, आलेले व्यापारी होते. साउथ कॅरोलायनातलं पुरीसबर्ग वसवलं ते आजच्या स्वित्झर्लंडमधल्या नशातेलच्या झाँ पिएर प्युरीने, स्विस वसाहतकऱ्यांसाठी. नाव फ्रेंच असलं तरी चर्चची नोंद, दाखलापत्र किंवा निर्वासित म्हणून मिळालेली मदत असा पुरावा लागतोच.

याउलट, इंग्लिश वाटणारं नावही फ्रेंच असू शकतं. बॉस्टनमध्ये शिकाऊ सोनार म्हणून आलेला अपोलोस रिव्हॉयर पुढे पॉल रिव्हीअर झाला. त्याच नावाचा त्याचा मुलगा अमेरिकन क्रांतीत गाजला. पिएर बोद्वँच्या वंशजांचं आडनाव बोडन झालं. कारकून कानावर पडेल तसं लिहीत, त्यामुळे स्पेलिंग जुळत नाही म्हणून नोंद बाजूला टाकू नका. तसंच झाँ, पिएर, जाक ही नावं इतकी सर्रास होती की नावाच्या जोरावर माणूस ठरवणं धोक्याचं. इथे बाप्तिस्म्याच्या नोंदीतले धर्मपिता-धर्ममाता उपयोगी पडतात. फ्रेंच चर्च स्त्रीचं माहेरचं आडनावही लिहीत असे. प्रत्येक मुलाच्या बाप्तिस्म्यातली ही नावं एका कागदावर मांडली की एकाच नावाचे दोन झाँ वेगळे व्हायला लागतात.

तारखा चुकीच्या वाचणं

इंग्लिश वसाहतींत १७५२ पर्यंत जुनी (ज्यूलियन) दिनदर्शिका होती आणि कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. समजा, लग्न मे १६९९ चं आणि पहिल्या मुलाचा बाप्तिस्मा फेब्रुवारी १६९९ चा दिसतोय. लगेच कुजबुज नको. तो फेब्रुवारी आपल्या हिशोबाने १७०० चा असू शकतो. खात्री करायची तर वहीतली मागची-पुढची पानं उलटा. डिसेंबर १६९९ नंतर पुन्हा जानेवारी १६९९ आला, तर प्रश्न मिटला. फ्रान्समध्ये मात्र १५८२ पासून नवी (ग्रेगोरियन) दिनदर्शिका असल्याने १७०० पर्यंत १० दिवसांचा आणि नंतर ११ दिवसांचा फरक पडतो.

फ्रेंच पाळकांच्या हस्ताक्षरात आणखी एक सापळा आहे. महिन्याच्या जागी ७ आणि पुढे ‘ब्र’ (bre) दिसलं, तर तो जुलै नसून सप्टेंबर. तसाच ८ म्हणजे ऑक्टोबर, ९ म्हणजे नोव्हेंबर आणि रोमन दहा म्हणजे डिसेंबर.

चुकीच्या काउंटीत दफ्तर शोधणं

मॅनाकिनटाउन किंग विल्यम पॅरिशमध्ये (पॅरिश म्हणजे एका चर्चचं क्षेत्र; काउंटी म्हणजे जिल्ह्यासारखा प्रशासकीय विभाग) होतं. हे वाचून कितीतरी जण किंग विल्यम काउंटीचे कागद मागवतात, पण ती काउंटी पूर्वेला, बरीच दूर आहे. मॅनाकिनच्या जमिनीसाठी आधी हेन्रिको, १७२८ पासून गूचलँड, १७४९ पासून कंबरलँड आणि १७७७ पासून पोहॅटन काउंटीचं दफ्तर बघा. कुटुंब जागचं हललं नाही तरी काउंटी बदलत गेली. शिवाय सुरुवातीला ७ वर्षं या वसाहतीला करमाफी होती, म्हणून त्या काळात करयादीत नाव नसणं म्हणजे माणूस तिथे नव्हता, असं होत नाही. साउथ कॅरोलायनात वसाहतकाळातली मृत्युपत्रं आणि खतं चार्ल्सटनलाच नोंदवली जात. तिथे अँग्लिकन चर्चला अधिकृत दर्जा देणाऱ्या १७०६ च्या चर्च कायद्यानंतर बरीच फ्रेंच कुटुंबं अँग्लिकन पॅरिशच्या वह्यांत सापडतात.

छापील वंशावळीवर डोळे झाकून विश्वास

एकोणिसाव्या शतकातले अमेरिकन कुटुंबेतिहास आपल्याकडच्या कुलवृत्तांतांसारखेच वाचावेत: अलीकडच्या तीन-चार पिढ्या सहसा भरवशाच्या, त्यामागे जाल तसा भाविकपणा वाढत जातो. ‘तिघे भाऊ एकत्र आले’, ‘मूळ पुरुष उमराव होता’, ‘सेंट बार्थोलोम्यूच्या कत्तलीतून निसटला’ ही वाक्यं दिसली की थांबा. फ्रान्समधल्या ह्यूगेनॉटांची ती कत्तल १५७२ ची. १६९० मध्ये न्यूयॉर्कमधल्या न्यू रोशेलला जमीन घेणारा माणूस तिच्यातून निसटलेला असू शकत नाही.

डीएनए चाचणीकडूनही फार अपेक्षा नको. दहा पिढ्या मागे प्रत्येकाचे १,०२४ पूर्वज भरतात आणि त्यांतल्या एखाद्याचा अंशही तुमच्यात उतरलेला नसू शकतो. त्यात फ्रान्समध्ये अशा हौशी चाचण्यांना कायद्याने मनाई आहे, त्यामुळे तिथल्या नातेवाइकांशी जुळणी क्वचितच दिसते. अखंड पितृवंश असेल, तर बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या वाय गुणसूत्राची चाचणी दोन शाखा एकाच मूळ पुरुषाच्या आहेत का हे तपासायला ठीक आहे. तो ह्यूगेनॉट होता की नाही, हे मात्र ती सांगत नाही.