स्कीच्या बाइंडिंगचा ब्रेक वाकलाय? साताऱ्यात बसून काय दुरुस्त होतं आणि काय करायचं नाही

आपल्याकडची सह्याद्रीत फिरणारी बरीच पोरंपोरी आता हिवाळ्यात गुलमर्गला नाहीतर औलीला स्की शिकायला जातात, आणि एकदा नाद लागला की कुणी ना कुणी सेकंडहँड स्की घेऊन घरी येतंच. मग स्की पडून राहते जिन्याखाली नाहीतर माळ्यावर, पुढच्या जानेवारीत बाहेर काढली की ब्रेकचा एक दांडा वाकडा, नाहीतर स्प्रिंग गंजून बसलेली. स्कीचा पार्ट तर आपल्याकडे मिळत नाही. म्हणून हे लिहितोय, कारण यातलं बरंचसं काम घरी होतं, आणि जे होत नाही ते करायला गेलं तर दुसऱ्या माणसाच्या जिवावर बेतू शकतं.

आधी ब्रेक करतो काय ते बघा. चालू स्कीला थांबवायचं काम त्याचं नाहीच, ते तुम्ही पायाने करता. बूट बाइंडिंगमधून, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या पकडीतून, सुटला की मोकळी स्की उतारावरून सुसाट खाली जाऊ नये म्हणून तो आहे. टाचेच्या तुकड्यापाशी एक पेडल असतं, बुटाची टाच त्यावर दाबली की दोन्ही बाजूचे पोलादी तारेचे दांडे वर येऊन आत ओढले जातात आणि स्कीच्या वरच्या अंगाला चिकटून बसतात. बूट सुटला की स्प्रिंग पेडल वर ढकलते, दांडे तळाच्या खाली उतरतात आणि टोकाचे प्लास्टिकचे पंजे बर्फात रुततात. पूर्वी ब्रेक नव्हते तेव्हा स्की पट्ट्याने पायाला बांधायचे, पण पडल्यावर तीच स्की गरगरून अंगावर यायची. खाली उतारावर लहान मुलं शिकत असतात, त्यांच्याकडे कडा लावलेली लांब फळी सुटून येणं म्हणजे काय ते डोळ्यापुढे आणा, त्यामुळे ब्रेक नसलेली स्की बर्फावर न्यायचीच नाही, हे माझं ठाम मत आहे.

आता बिघाड ओळखायचा. दोन्ही स्की शेजारी शेजारी ठेवा, चांगल्या ब्रेकशी वाकडा ताडून बघा, डोळ्याला लगेच कळतं. मग पेडल हाताने पूर्ण दाबा आणि सोडा. फटकन वर आलं पाहिजे. हळूहळू येत असेल तर गंज नाहीतर माती आहे. दाबल्यावर एक दांडा स्कीच्या बाजूला घासत असेल तर तो आत वाकलाय, आणि वर आल्यावरही बाहेर लोंबत राहत असेल तर बाहेर वाकलाय. बाहेर लोंबणारा दांडा वळणावर कड टेकवली की बर्फात घासतो आणि दुसऱ्या स्कीत अडकतो, पाडतो. बहुतेक वेळा हे वाकणं उतारावर होत नाही हो, प्रवासात होतं. पुण्याहून श्रीनगरच्या विमानात बॅग कुणी कशी फेकली ते आपल्याला दिसत नाही.

ब्रेक काढायचा कसा ते मॉडेलवर आहे. बऱ्याच बाइंडिंगमध्ये टाचेचा तुकडा रुळावरून मागे सरकवून निघतो आणि त्याखाली ब्रेक एक-दोन स्क्रूंवर नाहीतर खटक्यावर असतो, काहींत आख्खा टाचेचा भाग स्कीवरूनच सोडावा लागतो. मार्कर, टायरोलिया, सालोमन या बाइंडिंगच्या कंपन्या, सगळ्यांची पद्धत वेगळी, त्यामुळे आपल्या मॉडेलचं मॅन्युअल मोबाइलवर उघडून समोर ठेवा आणि प्रत्येक पायरीचा फोटो काढा, टाचेचा तुकडा रुळाच्या कितव्या खाचेवर होता त्याचा तर नक्कीच. हातोडी घालायची नाही. एक गोष्ट मात्र सगळ्यांना सांगतो, स्कीत बसवलेले स्क्रू दिसायला साधे चौफुलीचे वाटतात पण ते बहुतेक पोझिड्राइव्ह ३ नंबरचे असतात, डोक्यावर मुख्य रेघांच्या मध्ये बारीक जादा रेघा असतात बघा. हार्डवेअरच्या दुकानातून तेच बिट मागून घ्या, साधा फिलिप्स घातला की डोकं गोल होतं आणि मग तो स्क्रू काढणं लई अवघड. स्प्रिंगवर ताण असतो म्हणून तोंड बाजूला ठेवा, चष्मा घाला.

आता सरळ करायचं काम, आणि इथं नीट लक्ष द्या. एमआयडीसीत कुठल्याही फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये गेलात तर कारागीर चांगल्या मनाने म्हणणार, द्या इकडं, गॅसवर लाल करतो आणि दोन मिनिटात सरळ करून देतो. नाही म्हणायचं. त्या दांड्याचं पोलाद पाणी दिलेलं असतं, लाल केलं की पाणी उतरतं, दांडा दिसायला सरळ होतो पण मऊ पडतो, पुढच्या वेळी बर्फात रुतल्यावर तिथंच मुडपतो. वेल्डिंगचंही तेच. तुटलेला दांडा वेल्ड करून वापरायचा नाही, जोडाशेजारीच तो परत तुटतो. शेडमध्ये जाऊन मागायचं ते एवढंच की पक्का व्हाइस वापरू द्या. जबड्यात लाकडाच्या नाहीतर तांब्याच्या पट्ट्या घाला म्हणजे तारेवर चरे पडणार नाहीत, चरा पडला की पुढे तडा तिथून सुरू होतो. वाकल्याच्या अगदी मुळाशी दांडा पकडा, दुसऱ्या टोकाला प्लास्टिकचा पंजा वाचवून फूटभराचा पाइप सरकवा आणि गारच, हळूहळू, थोडं थोडं दाबा. पोलाद जरा परत येतं म्हणून पाहिजे त्यापेक्षा किंचित पुढे न्यावं लागतं, पण एकदम जोर नको. प्रत्येक दाबानंतर काढून चांगल्या ब्रेकशी ताडा. इकडे तिकडे चारदा वाकवत बसलात तर तार थकते, म्हणून एका दिशेने आणि शक्यतो एकदाच. झाल्यावर वाकल्याच्या जागी उजेडात नखाने चाचपून बघा, बारीक रेघ जरी लागली तरी तो ब्रेक बाद, तिथे मन घट्ट करायचं.

काही जण ब्रेक रुंद करायला पण वाकवतात. स्कीची कंबर, म्हणजे बुटाखालची रुंदी, कॅलिपरने मोजा. ब्रेक ८५, ९०, १००, ११० मिमी अशा मापात येतात आणि कंबरेपेक्षा थोडा मोठा लागतो, साधारण १५ मिमीच्या वर जास्त नको. पाच-सहा मिमी कमी पडत असेल तर दोन्ही दांडे सारखे बाहेर घेऊन जमतं, त्याहून जास्त फरक असेल तर योग्य मापाचा ब्रेक मागवा, बऱ्याच मॉडेलचा ब्रेक सुटा विकत मिळतो.

गंजाचं आपल्याकडे विशेष आहे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत साताऱ्याची हवा अशी ओली की तारेवर तांबूस पापुद्रा येतोच. वरवरचा असेल तर ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून, कोरड्या फडक्याने पुसून तेलाचा पातळ हात द्या. खड्डे पडले असतील तर भरवसा नाही. बाइंडिंगच्या आत डब्ल्यूडी-४० मारू नका, आतलं कंपनीचं ग्रीस त्याने धुऊन निघतं. कोमट पाणी, जुना टूथब्रश, पूर्ण वाळवणं आणि खिळीपाशी थोडंसं सिलिकॉन ग्रीस, एवढं पुरतं. गाडीचं साधं ग्रीस थंडीत घट्ट होतं. आपल्याकडच्या गरम हवेत छान उडी मारणारा ब्रेक गुलमर्गच्या उणे तापमानात आळसावला तर उपयोग काय, म्हणून सुटा काढलेला ब्रेक पिशवीत घालून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा आणि सकाळी काढल्या काढल्या दाबून बघा.

पंजा सैल झाला असेल तर दोन ट्यूबवाल्या अ‍ॅराल्डाइटने चिकटतो, आधी तार घासून खडबडीत करा. पंजाच हरवला असेल तर जाड हीट श्रिंक नळी चढवून टोक झाकता येतं पण रुतायची पकड कमी होते, हे फक्त नवीन येईपर्यंत. पेडल फुटलं असेल तर मात्र घरी काही करू नका, वर रबर चिकटवणं तर अजिबात नाही. बुटाची टाच किती उंचीवर बसते आणि बाइंडिंग कधी सोडतं हे त्याच्याशी जोडलेलं आहे.

परत बसवताना स्क्रूच्या भोकात पाणी न लागणारा लाकडाचा गोंद थेंबभर टाका म्हणजे बर्फाचं पाणी स्कीच्या आत जाणार नाही, आणि स्क्रू हातानेच आवळा, ड्रिल मशीनने नको. टाचेचा तुकडा फोटोत होता त्याच खाचेवर. बूट घालून लॉक करा, दांडे वर आणि आत, कुठं घासत नाहीत ना. सोडा, दांडे तळाच्या खाली, दोन्ही सारखे. वीस-पंचवीस वेळा करा, एकदाही अडकता कामा नये. टाचेचा तुकडा हलवला असेल तर बुटाचा पुढचा दाब (टाचेचा तुकडा बुटाला पुढे किती दाबतो ते) आणि डीआयएनचा आकडा (बाइंडिंग किती जोरावर बूट सोडतं ते) उतारावर जायच्या आधी तिथल्या भाड्याच्या दुकानातल्या जाणकार माणसाकडून तपासून घ्या, अंदाजाने स्क्रू फिरवू नका, गुडघ्याचा प्रश्न असतो. आणि पहिल्या दिवशी सौम्य उतारावर, खाली कुणी नाही बघून, मित्राला बाजूला थोडं खाली उभं करून मोकळी स्की टोक खाली करून सोडा, जागच्या जागी थांबली पाहिजे.

प्रवासात दोन्ही स्की तळाला तळ लावून बांधा, मध्ये फडकं घाला. दांड्यांना आत ओढून धरायला सायकलच्या जुन्या ट्यूबचे रुंद रबर कापून वापरा, कुठल्याही पंक्चरवाल्याकडे मिळतील. घरी आल्यावर मात्र ते रबर लगेच काढायचे, वर्षभर दाबून ठेवलेली स्प्रिंग ढिली पडायची भीती असते, आणि पावसाळ्यात स्की बॅगेत बंद न ठेवता भिंतीला टेकवून हवेशीर ठेवा.