धडक झाली अन् समोरचा नाव सांगेना, तर आधी गाव विचारा

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. नेरहून दारव्हा रस्त्यानं रोजचं जाणं-येणं, गाडी जुनी वॅगनार, स्वतःच चालवते. मागच्या डिसेंबरात एका फाट्यावर समोरून एसटी येत होती म्हणून मी गाडी कडेला घेऊन उभी राहिले. तेवढ्यात मागून कापसानं गच्च भरलेला पिकअप आला. एसटीच्या आधी निघून जायच्या घाईत तो माझ्या गाडीला घासून पुढं गेला. त्याच्या फाळक्याची कडी माझ्या उजव्या दारावरून ओढत गेली. आरसा तुटून वायरला लोंबकळला. दारावर हातभर लांब ओरखडा पडला, अन् त्या ओरखड्यात फाळक्याचा निळा रंग बसला होता.

टपरीवरच्या लोकांनी आरडाओरडा केला म्हणून तो थांबला. वीस-बावीस वर्षांचा पोरगा. खाली उतरला तोच म्हणाला, "काई नाई झालं मॅडम, जाऊ द्या ना जी. जिनिंगवर नंबर लागला हाय माहा." मी लायसन्स मागितलं तर आवाज चढला. "तुमीच गाडी आडवी लावली, अन् मलेच इचारता? नाव कायले पाह्यजे माहं?"

असा ड्रायव्हर भेटला तर काय करायचं, ते मी त्या दिवशी अर्धं चुकत अन् अर्धं शिकत केलं. त्यानंतर शाळेतल्या दोघींवर असाच प्रसंग आला, तेव्हा त्यांना फोनवरून हेच सांगितलं.

सगळ्यात आधी माणसं पाहा. गाडीत कोणी लहान लेकरू, म्हातारं माणूस असेल तर त्याला विचारा, समोरच्या गाडीतही पाहा. कोणाला लागलं असेल तर १०८ ला फोन लावा, पोलिसांसाठी ११२. मग हे प्रकरण किरकोळ राहत नाही अन् रस्त्यावर मिटवायचंही नसतं. कोणालाच लागलं नसेल तर गाडी हलवायच्या आधी दोन मिनिटं फोटोसाठी द्या, मग लगेच कडेला घ्या. कापसाच्या दिवसांत संध्याकाळी रिफ्लेक्टर नसलेल्या ट्रॉल्या येत असतात. रस्त्याच्या मधोमध भांडत उभं राहणं हे पहिल्या धडकेपेक्षा जास्त धोक्याचं आहे.

फोटो कसे काढायचे, हे नीट सांगते, कारण माझं काम त्यांनीच केलं. पहिला फोटो लांबून, दोन्ही गाड्या अन् रस्ता एकत्र दिसेल असा. त्यात किलोमीटरचा दगड, फाट्यावरची पाटी, विजेचा खांब, असं जागेवरून न हलणारं काहीतरी आलं पाहिजे. मग त्याची नंबर प्लेट. ती धुळीनं भरलेली असेल तर हातानं पुसा अन् मग काढा. पिकअपच्या दारावर किंवा मागं बऱ्याचदा मालकाचं नाव, गाव, मोबाइल नंबर रंगवलेला असतो, तोही घ्या. ट्रॅक्टर असेल तर ट्रॉलीच्या नंबरावर विसंबू नका, ट्रॅक्टरच्या तोंडावरचा नंबर घ्या. शेवटी नुकसानाचा अगदी जवळून फोटो. माझ्या दारातला तो निळा रंग मी जवळून टिपला, अन् त्याच्या फाळक्याच्या कडीला लागलेला माझ्या गाडीचा पांढरा रंगही. दुसऱ्या दिवशी मालक फोनवर म्हणाला, "आमची गाडी लागलीच नाई." मी दोन्ही फोटो पाठवले. त्यानंतर हे वाक्य पुन्हा आलं नाही.

आता बोलण्याचं. मी पहिल्यांदा मागितलं ते लायसन्स, अन् तिथंच पोरगा अडला. आपल्याकडचे बरेचसे ड्रायव्हर रोजंदारीवर असतात. गाडी मालकाची, माल तिसऱ्याचा. त्याला तुमची भीती नसते, त्याला घरी मालक काय म्हणेल याची भीती असते. नाव सांगितलं की आपण अडकलो, एवढंच त्याच्या डोक्यात असतं. टपरीवर एक म्हातारे काकाजी बसले होते. ते उठून आले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला अन् विचारलं, "कोन्या गावचा रे बापू तू?" गाव सांगितलं. "मंग तिथल्या पाटलाचा कोन?" पाच मिनिटांत वडील, मामा, गाडीचा मालक, सगळं बाहेर आलं. आपल्या भागात गाव विचारल्यावर माणूस सहसा गप्प राहत नाही.

म्हणून आधी स्वतःचं सांगा. "मी अमुक गावची, अमुक शाळेत आहे, हा माझा नंबर. तुम्ही कुठले?" एवढं साध्या आवाजात. कायद्यातही हेच आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम १३२ सांगतं की अपघातात ज्याचं नुकसान झालं त्यानं आपलं नाव-पत्ता देऊन विचारलं, तर ड्रायव्हरला स्वतःचं अन् गाडीच्या मालकाचं नाव-पत्ता द्यावंच लागतं. म्हणजे आपण आधी दिलं की त्याला नाही म्हणायला जागा उरत नाही. पोरगा अजून अडला तर हे कलम शांतपणे सांगा, पण दुसऱ्या पायरीवर. पहिल्या वाक्यात कायदा काढला की लोक दोन बाजूंना वाटले जातात, अन् बाई गाडी चालवत असेल तर काही लोक न पाहताच तिची चूक धरतात. मला हे सहन करावं लागलं, म्हणून ठामपणे सांगते.

काय करायचं नाही, तेही तेवढंच महत्त्वाचं. त्याच्या गाडीची चावी काढून घेऊ नका. निघालेल्या गाडीपुढं उभ्या राहू नका, कापसानं भरलेली गाडी जागेवर थांबत नाही. जमलेल्या लोकांना त्याच्या अंगावर हात टाकू देऊ नका. माझ्यासमोर एकानं त्या पोराची कॉलर धरली, मला मध्ये पडून सोडवावी लागली. मारहाण झाली तर तुमची खरी बाजूही पोलीस स्टेशनात उलटी पडते. तो प्यालेला वाटला तर वाद घालूच नका, आपल्या गाडीत बसा, काच वर करा अन् ११२ लावा.

निघून गेला तर जाऊ द्या. नंबर आहे ना? सरकारच्या एम-परिवहन ॲपवर तो टाकला की गाडी कोणती, विमा कधीपर्यंत आहे, फिटनेस आहे की नाही, हे कळतं. मालकाचं नाव तिथं अर्धंच दिसतं, पण आपल्याकडं गाव असेल तर तेवढंही पुरतं. रेंज नसेल तर घरी येऊन पाहा. तोवर विसरायच्या आधी वेळ, जागा, तो काय बोलला, हे फोनवर स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून ठेवा. टपरीवाल्याचा अन् पाहणाऱ्या एखाद्याचा नंबर घ्या. त्या गावच्या पोलीस पाटलाला फोन करणं फार कामी येतं. माझं प्रकरण त्यांच्याच एका फोननं मालकापर्यंत पोचलं.

मग पैशाचा हिशेब. माझा खर्च ५,८०० रुपये निघाला, आरसा अन् दाराचं डेंटिंग-पेंटिंग मिळून. विम्यातून घेतले असते तर कंपनी दर क्लेममधून सक्तीनं कापते ते १,००० रुपये माझे गेले असते, प्लास्टिकच्या भागावर घसाऱ्यापोटी निम्मे कापले असते, वर ५० टक्क्यांचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, गेला असता. म्हणजे पुढच्या वर्षी ओन डॅमेजचा, आपल्याच गाडीच्या नुकसानाचा, हप्ता दुप्पट. म्हणून मी क्लेम केला नाही, मालकाशी बोलणं केलं. नुकसान मोठं असेल तर मात्र दुरुस्तीआधी विमा कंपनीला कळवा, अन् रस्त्यावर "माझी चूक" किंवा "आपसात मिटलं" असं काहीही लिहून देऊ नका. कंपनीच्या परवानगीशिवाय तसं लिहून दिलं तर क्लेम अडकतो. तुमचा विमा फक्त थर्ड पार्टी, म्हणजे समोरच्याचंच नुकसान भरणारा, असेल तर तुमच्या गाडीचं काहीच मिळत नाही, मग समोरच्याचं नाव-गाव हातात असणं आणखी गरजेचं.

दाद लागत नसेल तर त्याच दिवशी, फार तर २४ तासांत पोलीस स्टेशनात जा. अर्ज साध्या कागदावर लिहा, दोन प्रती न्या, एकीवर पोच घ्या. "हद्द आमची नाई" असं ऐकायला मिळालं तर अर्जात किलोमीटरच्या दगडाचा आकडा लिहिलेला असू द्या, हद्द त्यावरून ठरते. शिक्का, तारीख अन् घेणाऱ्याची सही आल्याशिवाय उठू नका.

मला तो अर्ज द्यावा लागला नाही. रविवारी मालक गॅरेजवर आला, सोबत तो पोरगाही. मालकानं दाराचे पैसे दिले, आरशाचे मी भरले. आधी पैसे फोन-पेवर घेतले अन् मग कागद केला: तारीख, दोन्ही गाड्यांचे नंबर, रक्कम, यापुढं कोणाचं कोणाकडं काही देणं नाही, अन् खाली दोघांच्या सह्या. पोरगा दाराजवळ उभा होता. निघताना म्हणाला, "मॅडम, त्या दिवशी नाव सांगतलं असतं, पन मालक कामावरून काढन असं वाटलं जी." मालकानं त्याला काढलं नाही. परवा त्याच फाट्यावर भेटला, पिकअप पूर्ण थांबवून माझी गाडी आधी जाऊ दिली.