लॉजिक गेमची आकृती काढताना या चुका टाळा

एलसॅट ही अमेरिकेतल्या लॉ स्कूलची प्रवेशपरीक्षा. तिच्यातला लॉजिक गेमचा, म्हणजे दिलेल्या नियमांवरून क्रम किंवा गट लावायच्या कोड्यांचा विभाग ऑगस्ट २०२४ पासून बंद झाला. तरी जुन्या प्रश्नपत्रिका आणि त्याच धाटणीची कोडी सोडवणारे अजून त्याच जागी अडखळतात. त्या विभागात ३५ मिनिटांत चार कोडी असत, म्हणजे एकेकाला पावणेनऊ मिनिटं. तेवढ्यानं घाबरून आकृती घाईत उरकायची आणि मग प्रत्येक प्रश्नाशी झटापट करत बसायचं, यात वेळ वाचत नाही. पहिली तीन मिनिटं आकृतीला द्या.

सगळ्यात महागात पडते ती 'आधी' आणि 'लगेच आधी' यांतली गल्लत. सहा साक्षीदार, सहा क्रमांक. 'क' हा 'ग'च्या आधी, 'ख' आणि 'घ' शेजारी-शेजारी (कोणीही पुढे), 'च' तिसरा, 'छ' हा 'ख'च्या आधी. घाईत पहिला नियम 'कग' असा चिकटवून लिहिला जातो. आता ख-घ जोडी १-२ वर बसत नाही, कारण 'छ'ला 'ख'च्या आधी जागाच उरत नाही. ४-५ वर बसवली तर १, २ आणि ६ रिकामे राहतात. 'कग' १-२ वर ठेवला की 'छ' सहावा पडतो, तेही चालत नाही. राहिली ५-६. मग 'कग' १-२ वर आणि 'छ' चौथा. 'नक्की खरं काय?' या प्रश्नाला 'छ चौथा' हा पर्याय समोरच असतो, आणि विद्यार्थी तो खात्रीनं निवडतो. उत्तर चुकलेलं असतं.

'क – ग' अशी मध्ये रेघ ठेवली असती तर दोन चौकटी, म्हणजे दोन शक्यता, मिळाल्या असत्या. जोडी ४-५ वर असेल तर 'ग' सहावा, 'क' आणि 'छ' पहिल्या दोन जागांवर कसेही: एकूण ४ मांडण्या. जोडी ५-६ वर असेल तर ६. दहापैकी आठ मांडण्या त्या चिकटवलेल्या दोन अक्षरांनी पुसून टाकल्या. दोन्ही चौकटी समोर असल्या की खरी निश्चित गोष्टही दिसते: पाचवा नेहमी 'ख' किंवा 'घ', आणि 'क' नेहमी पहिल्या दोघांत. म्हणून शेजार असेल तरच अक्षरं चिकटवून चौकोन, नुसता क्रम असेल तर मध्ये रेघ. ही खूण एकदा ठरवा आणि कधीही बदलू नका.

दुसरी खोड म्हणजे बाण उलटा वाचणं. 'क निवडला तर ख निवडायचाच' म्हणजे क → ख. त्यातून 'ख नाही, तर क नाही' एवढंच निघतं. 'ख' आहे म्हणून 'क' असेलच असं नाही. 'ख नाही, तर क नाही' हे रूप त्याच क्षणी खाली लिहा, डोक्यात ठेवू नका. 'ओन्ली इफ' म्हणजे 'तरच': 'ख असेल तरच क' याचाही बाण 'क'कडूनच 'ख'कडे. 'अनलेस'च्या जागी 'नसेल तर' घाला, बाण आपोआप बसतो. 'दोघं एकत्र नकोत' आणि 'दोघांपैकी एक तरी हवा' हेही वेगळे नियम आहेत: पहिल्यात दोघंही गैरहजर चालतात, दुसऱ्यात दोघंही हजर चालतात.

'समजा ग चौथा' असा प्रश्न आला की ती अट मूळ आकृतीवर लिहू नका. खाली नवी ओळ ओढा, नाहीतर ती पुढच्या प्रश्नात शिरते. जुन्या ओळी खोडूही नका. एका प्रश्नात चाललेली मांडणी पुढच्या 'शक्य आहे का?'ला आयतं उत्तर देते.

ज्याच्यावर एकही नियम नाही त्याला गोल करा.

'कोणती मांडणी चालेल?' या पहिल्या प्रश्नाला आकृती लागतच नाही. एक नियम घ्या, तो मोडणारे पर्याय खोडा, मग दुसरा घ्या. इथे पाचही पर्याय एकेक करून तपासायला बसणं म्हणजे तेच काम पाच वेळा करणं.