सिंकखालच्या कपाटाला प्लाय कुठला घ्यायचा
किचन ट्रॉल्या करताना सगळे आधी लॅमिनेटचा रंग बघत बसतात, पण खरा प्रश्न आतल्या बॉक्सचा असतो, आणि कोकण-मुंबईसारख्या दमट हवेत तर जास्तच. सिंकखाली आणि ओट्याखाली पार्टिकल बोर्ड किंवा साधा एमडीएफ (लाकडाचा चुरा किंवा तंतू दाबून केलेले बोर्ड) अजिबात नको, पाणी लागलं की फुगतो आणि मग बिजागरीचे स्क्रू धरत नाहीत. तिथे बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही टिकणारा) प्लायच घ्या, शीटवर आयएस ७१० या भारतीय मानकाचा शिक्का स्वतः बघा, आयएस ३०३ मध्ये एमआर (फक्त दमटपणा सोसणारा) ग्रेडही येतो आणि तो ओल्या जागेचा नाही, सुतार "वॉटरप्रूफच आहे हो" म्हणाला तरी. कापलेल्या कडांना, पाइपसाठी पाडलेल्या भोकांना पण सील करायला सांगा, पाणी तिथूनच शिरतं. वरच्या कपाटांना एचडीएचएमआर (दमटपणा सोसणारा जास्त घनतेचा फायबर बोर्ड) चालतो, पैसे वाचवायचे तर तिथे वाचवा.

बास्केट एसएस ३०४ (स्टेनलेस स्टीलचा ग्रेड) च्या घ्या. लोहचुंबक लावून बघण्यात काही अर्थ नाही, स्वस्तातलं २०२ पण सहसा चिकटत नाही, त्यामुळे बिलावर ग्रेड लिहून घ्या. आणि फोडणीचा तेलकट धूर रोजचा असेल तर नक्षीच्या खाचांचे शटर नकोत, साधे सपाट बरे, पुसायला तुम्हालाच लागणार.