‘या दिवसांत असं वादळ?’ म्हणण्याआधी या चुका टाळा

ऑक्टोबरात भात कापून खाचरात पसरलेलं असतं. उडवी रचायची तर अजून दोन दिवस ऊन हवं. तेवढ्यात मोबाइलवर निरोप येतो, अरबी समुद्रात कमी दाब. लगेच कुणीतरी म्हणतं, ‘पूर्वी या दिवसांत असं नव्हतं हो.’

होतं. आपल्याकडे वादळांचे हंगामच दोन : एक मॉन्सूनच्या तोंडावर, मे-जूनमधला, दुसरा पाऊस परतताना, ऑक्टोबर ते डिसेंबर. फयान ११ नोव्हेंबर २००९ रोजी आलं. निसर्ग ३ जून २०२० रोजी आलं आणि श्रीवर्धन-दिवेआगरच्या वाड्यांतल्या पोफळी आडव्या करून गेलं. दोन्ही हंगामातलीच. कोकणाला थेट धडकणं मात्र विरळ, कारण अरबी समुद्रातली बरीच वादळं ओमान किंवा गुजरातकडे वळतात. विरळ म्हणजे अवकाळी नव्हे. ही गल्लत मला सगळ्यात घातक वाटते, कारण ‘आत्ता कुठलं वादळ’ म्हणत भात तसंच उघड्यावर राहतं.

दुसरी चूक शब्दांची. बातम्यांत सरसकट ‘कमी दाबाचा पट्टा’ म्हणतात. पट्टा लांबट असतो. भोवती वारे गोल फिरतात ते कमी दाबाचं क्षेत्र. वारा ताशी ३१ किलोमीटरला पोचला की ते डिप्रेशन, ५० ला डीप डिप्रेशन आणि ६२ ला चक्रीवादळ. नाव मिळतं ते तेव्हाच.

जुलै-ऑगस्टचं गणित उलटं. बंगालच्या उपसागरात तेव्हा कमी दाबाची क्षेत्रं एकामागून एक होतात, आपला पाऊस बराचसा त्यांच्यावरच चालतो. पण त्यांचं चक्रीवादळ सहसा होत नाही. खाली पश्चिमेचा वारा, वर पूर्वेचा. या ओढाताणीत वादळाची उभी बांधणी टिकत नाही. म्हणून ऑगस्ट २०२४ च्या अखेरीचं असना खरोखर जगावेगळं : जमिनीवरचं डीप डिप्रेशन कच्छवरून समुद्रात उतरलं आणि तिथे चक्रीवादळ झालं.

मोबाइलवरचा दाबाचा आकडा पाहूनही घाबरू नका. मुंबईत जानेवारीत तो १०१३ हेक्टोपास्कलच्या आसपास असतो, जुलैत १००३ च्या. ते तर पावसाळ्याचं नेहमीचंच.

आणि विदर्भातल्यांनी ‘केंद्र छत्तीसगडात आहे’ म्हणून निर्धास्त राहू नये. पावसाळी डिप्रेशनचा सर्वांत जोराचा पाऊस बहुधा केंद्राच्या नैऋत्येला पडतो, म्हणजे गोंदिया-गडचिरोलीच्या बाजूला.